शीर्षकपृष्ठावर एकीचंच नाव : थोरल्या बहिणीचा वाटा कसा शोधायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंच्या आजीनं भोसलेकालीन नागपूरच्या राजस्त्रियांवर एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. साठच्या दशकात ते नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात छापलं गेलं. आजी शाळेत मुख्याध्यापिका होत्या, सभा-संमेलनांत वावरणाऱ्या. त्यांची थोरली बहीण लहानपणीच विधवा होऊन माहेरी राहिलेली, आणि मोडी वाचायची ती हीच. पुस्तकावर तिचं नाव नाही. घरात सांगतात की तिनंच ‘नको’ म्हटलं. ताईंनी मध्यंतरी ॲग्नेस आणि एलिझाबेथ स्ट्रिकलंड या इंग्रज बहिणींबद्दल वाचलं. तिथंही थोरलीनं स्वतःहून नाव नाकारलं होतं. आता पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची आहे. त्या विचारतात : मावशीआजीचा वाटा ठरवायचा कसा? आणि तिनंच नको म्हटलेलं नाव आज आपण लावावं का?

मी नागपुरात एकतीस वर्षं ग्रंथालयात काढली, त्यातली बरीच कॅटलॉगिंगच्या टेबलावर. मोडी मी उशिरा, चाळिशीत शिकले. त्यामुळे या प्रश्नाची दोन्ही टोकं माझ्या हाताखालून गेलेली आहेत. आधी स्ट्रिकलंड बहिणींचं सांगते, कारण त्यांची गोष्ट लोक अर्धीच सांगतात आणि त्या अर्ध्या गोष्टीवरून आपल्या घरातल्या बाईबद्दल निकाल देऊन मोकळे होतात.

एलिझाबेथचा जन्म १७९४ चा, ॲग्नेसचा १७९६ चा. वडील थॉमस स्ट्रिकलंड लंडनच्या गोदीत मोठ्या कामावर होते. नंतर ते सफकमध्ये रेडन हॉल नावाच्या जुन्या घरात राहायला गेले. सहा मुली, दोन मुलगे. मुलींनाही मुलांसारखंच शिकवावं असं त्यांचं मत होतं आणि थोरल्या मुलींना त्यांनी स्वतः शिकवलं. १८१८ मध्ये ते वारले तेव्हा घराण्याचं नाव मोठं आणि पैसा थोडा अशी अवस्था होती. मग मुली लिहायला लागल्या. आधी मुलांच्या गोष्टी, कविता, वार्षिकांकांतलं किडुकमिडुक. सहापैकी पाच जणींची पुस्तकं निघाली! कॅथरीन आणि सुझाना १८३२ मध्ये कॅनडाला गेल्या आणि तिथल्या साहित्याच्या इतिहासात दोघींना मानाचं पान मिळालं. भाऊ सॅम्युअल त्यांच्या आधीच तिकडे गेला होता, त्यानंही पुस्तक लिहिलं. असं हे घर. आपल्याकडे लेखिका-बहिणी म्हटलं की कुणालाही दुर्गाबाई भागवत आणि कमलाबाई सोहोनी आठवतील, पण त्या दोघींचे प्रांत वेगळे, एक लोकसंस्कृतीत आणि दुसरी जीवरसायनशास्त्रात. कुणाचं काय याचा गुंता तिथं होण्याचं कारण नव्हतं. स्ट्रिकलंडांकडे दोघी मिळून एकच पुस्तक लिहीत होत्या.

ते पुस्तक म्हणजे ‘लाइव्ह्ज ऑफ द क्वीन्स ऑफ इंग्लंड’. १८४० ते १८४८ या काळात लंडनच्या हेन्री कोलबर्ननं त्याचे बारा खंड काढले. विल्यम द कॉन्कररच्या राणीपासून राणी ॲनपर्यंत सगळ्या राण्यांची चरित्रं. कल्पनेचं मूळ एलिझाबेथच्या कामात होतं. ती लंडनला राहून एक मासिक संपादित करत होती आणि राण्यांवरचे छोटे लेख आधी तिथं येऊ लागले होते. मालिकेचं पुस्तक झालं तेव्हा जवळपास निम्मी चरित्रं एलिझाबेथनं लिहिली. शीर्षकपृष्ठावर मात्र फक्त ॲग्नेस स्ट्रिकलंड. पुढे स्कॉटलंडच्या राण्यांवरचे आठ खंड आले, अविवाहित राजांवरचं पुस्तक आलं, सात बिशपांवरचं आलं, ट्यूडर राजकन्यांवरचं आलं. एलिझाबेथचा हात बहुतेक सगळीकडे आहे आणि नाव कुठेही नाही. नाव न घालण्याची अट तिची स्वतःची होती आणि ती तिनं शेवटपर्यंत सोडली नाही.

इथपर्यंत सगळे सांगतात. पुढे दोन तट पडतात. एक म्हणतो, बिचारी, धाकटीनं श्रेय खाल्लं. दुसरा म्हणतो, तिनंच नको म्हटलं ना, मग आपण कोण उकरून काढणारे? मला दोन्ही पटत नाही.

पहिल्याचं आधी. ॲग्नेसला मानमरातब मिळाला हे खरं. तिला दरबारात जाता आलं, बड्या घरांची आमंत्रणं आली, १८७० मध्ये सरकारी पेन्शनही मिळालं. पण नाव लावणं म्हणजे नुसता हार गळ्यात घालून घेणं नसतं, शिव्याही त्याच गळ्यात पडतात. मेरी ट्यूडर या कॅथलिक राणीचंच घ्या. १५५३ ते १५५८ एवढीच तिची कारकीर्द, आणि तीनशेच्या आसपास प्रॉटेस्टंटांना जाळल्यामुळे इंग्लंडच्या पोराटोरांनाही ती ‘ब्लडी मेरी’ म्हणूनच ठाऊक. स्ट्रिकलंडांच्या मालिकेत तिचं चरित्र बरंच सहानुभूतीनं आलं, आणि लेखिका कॅथलिकांच्या बाजूची आहे अशी ओरड झाली. ती ओरड ॲग्नेसनं सोसली. चरित्र लिहिलं होतं एलिझाबेथनं.

हे चरित्र कशावर उभं आहे ते बघण्यासारखं आहे. राणी होण्यापूर्वीच्या मेरीच्या खासगी खर्चाची वही ब्रिटिश म्युझियममधले फ्रेडरिक मॅडन यांनी १८३१ मध्ये छापून काढली होती. १५३६ च्या अखेरीपासून १५४४ पर्यंतचा हिशेब. कुणाच्या बारशाला काय दिलं, नोकरांना बक्षिसी किती, पत्त्यांत किती हरली, कापड कुठलं घेतलं. पुरुष इतिहासकार अशी वही चाळतात आणि मनोरंजक आहे म्हणून बाजूला ठेवतात. स्ट्रिकलंड बहिणींच्या पद्धतीत तीच वही साक्षीदार होते. दर चार पानांआड कुणाच्या तरी बाळाची सुईण, कुणा गरीब बाईला दिलेले पैसे. ज्या बाईबद्दल तिच्या शत्रूंनीच लिहून ठेवलंय, तिच्याबद्दल तिच्या स्वैपाकघराचा आणि पेटाऱ्याचा हिशेब काय सांगतो ते ऐकायचं, ही त्यांची रीत. जाळलेली माणसं त्यानं परत येत नाहीत, आणि चरित्र मेरीला जरा जास्तच सांभाळून घेतं असं माझं मत आहे. पण हे मत नोंदवताना मी ‘ॲग्नेस सांभाळून घेते’ असं लिहिलं तर चूक होईल. श्रेय थोरलीला द्यायचं तर दोषही थोरलीलाच द्यावा लागतो. हा भाग उत्साही मंडळी नेहमी विसरतात.

(ॲग्नेसला फक्त स्वतःच्या कर्तृत्वानं पडलेला मारही आहे. १८४० मध्ये तिनं व्हिक्टोरिया राणीचंच चरित्र लिहिलं, राणी जिवंत असताना, तेही ऐन लग्नाच्या वर्षी. राणीनं आपल्या प्रतीच्या समासात ‘हे खरं नाही’ अशा अर्थाचे शेरे मारले. जिवंत माणसाचं चरित्र लिहिताना मला हा समास नेहमी आठवतो.)

आता दुसरा तट. ‘तिनंच नको म्हटलं.’ म्हटलं, पण कुठं बसून म्हटलं ते बघा. एलिझाबेथ लंडनमध्ये स्वतंत्र राहत होती, संपादक होती, प्रकाशकाशी व्यवहार कसा करायचा ते जाणत होती. दोघी बहिणींनी मिळून सरकारी दप्तरखाना उघडायला लावला. गृहमंत्री लॉर्ड जॉन रसेल यांनी परवानगी नाकारली तेव्हा त्या गप्प बसल्या नाहीत. लॉर्ड नॉर्मनबी यांच्याकडून ती मिळवली. १८४४ मध्ये पॅरिसमध्ये गिझो यांच्या मदतीनं तिथली कागदपत्रंही पाहायला मिळाली. गिझो मंत्री होते आणि स्वतः इतिहासकारही, त्यांना मागणी कशाची आहे ते चटकन कळलं असणार. अशी बाई ‘माझं नाव नको’ म्हणते तेव्हा ते तिचं स्वतःचं ठरवणं आहे. तिला लोकांत मिरवण्याचा तिटकारा होता. ॲग्नेसला लोकांत राहायला आवडायचं, बड्यांच्या वाड्यांवर जाऊन राहणं, जुने पेटारे उघडायला लावणं हे तिला छान जमायचं. एक जण माणसांकडून कागद मिळवणार आणि दुसरी त्या कागदांपुढे बसणार, अशी वाटणी दोघींना सोयीची होती.

आता तुमच्या मावशीआजीचं ‘नको’ त्याच तराजूत घालता येईल का? ती भावाच्या घरात राहत होती. साठच्या दशकातली विधवा, शिक्षण घरचं, हाती पैसा नाही. तिच्या ‘नको’मध्ये तिची स्वतःची इच्छा किती आणि ‘लोक काय म्हणतील’ किती, हे आपल्याला बाहेरून कळत नाही. म्हणून माझं पहिलं म्हणणं : स्ट्रिकलंडांची गोष्ट दाखला म्हणून वापरू नका. तिथून पद्धत घ्या, निकाल घेऊ नका.

मी केलेली एक चूक सांगते, म्हणजे पद्धत का हवी ते कळेल. नव्वदच्या सुमारास आमच्या ग्रंथालयात एक कुलवृत्तांत दाखल झाला. लेखक निवृत्त मास्तर. प्रस्तावनेच्या शेवटी ठरलेलं वाक्य, ‘सौभाग्यवतींनी लेखनकामी साहाय्य केले’. मी कार्ड टाइप केलं, मास्तरांच्या नावानं मुख्य नोंद, संपला विषय. अशी वाक्यं इतकी वाचलेली असतात की डोळा त्यांच्यावरून घसरतो. दहा-बारा वर्षांनी मास्तर गेल्यावर त्यांच्या मुलानं एक पत्र्याची पेटी आणून दिली. आत हजारभर चिठ्ठ्या होत्या, सगळ्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर लिहिलेल्या. पिवळ्या, गुलाबी, कडेला कुंकवाचे डाग. प्रत्येक चिठ्ठीवर एक माणूस : नाव, बापाचं नाव, दत्तक असल्यास कुठून, मुली कुठे दिल्या. अक्षर सगळीकडे बाईंचं. एका चिठ्ठीवर खाली बारीक अक्षरात होतं : ‘दत्तकाचे साल जुळत नाही. हे चुकीचे सांगतात. नाशिकच्या उपाध्यांना पुन्हा विचारणे.’ ‘हे’ म्हणजे मास्तर. मी छापील पुस्तक उघडलं. साल दुरुस्त झालेलं होतं.

बाई तेव्हा हयात होत्या, चौऱ्याऐंशीच्या. मी त्यांच्याकडे धरमपेठेत गेले. मे महिना, कूलरचा आवाज एवढा की दोघींनाही ओरडून बोलावं लागत होतं. मी म्हटलं, आजी, तुमचं नाव कार्डावर घालते. त्या म्हणाल्या, “नाव कशाला हो? पुस्तक तर यांनी लिहिलं. मी तर नुसती जुळवत बसत होती.”

जुळवत बसत होती. अहो, इतिहास म्हणजे दुसरं काय असतं?

मी परत येऊन कार्ड नवं केलं. ग्रंथालयाचा एक नियम इथं सांगण्यासारखा आहे. शीर्षकपृष्ठावर जे छापलंय ते जसंच्या तसं उतरवायचं. जे आपण दुसरीकडून शोधून काढलंय ते घालता येतं, पण चौकोनी कंसात, आणि खाली टीप द्यायची की कशावरून. शिवाय त्या व्यक्तीच्या नावानं वेगळी नोंद करायची, म्हणजे वाचक तिच्या नावानं शोधायला आला तरी पुस्तक सापडेल. मला हा नियम फार सभ्य वाटतो. छापलेलं खोडत नाही आणि कळलेलं लपवत नाही. एलिझाबेथ स्ट्रिकलंडच्या बाबतीत मात्र कंसातली ही जागासुद्धा वर्षानुवर्षं चुकली. व्हिक्टोरियन काळाच्या मोठ्या चरित्रकोशात तिची माहिती आहे, पण ती धाकटीच्या नोंदीच्या पोटात. तिच्या नावानं शोधणाऱ्याला ती कशी सापडणार?

आता तुमचा प्रश्न : वाटा ठरवायचा कसा?

शैलीवरून ठरवायला जाऊ नका. सगळे आधी तिथंच जातात. ‘हे वाक्य आजीचं वाटत नाही’ वगैरे. एका घरात, एका बापापुढे बसून शिकलेल्या दोन बहिणींची वाक्यं सारखीच वळणार. स्ट्रिकलंडांच्या मालिकेतला कुठला भाग कुणाचा हे आज आपण सांगतो ते मुख्यतः घरच्या कागदांमुळे आणि कुटुंबातल्या माहितीमुळे. आणि तिथंही सावध राहावं लागतं. त्यांची आणखी एक बहीण जेन मार्गारेट हिनं १८८७ मध्ये ॲग्नेसचं चरित्र लिहिलं. घरातली साक्षीदार, म्हणून मोलाची. पण घरातली आहे, आणि चरित्र ॲग्नेसचं आहे. काय सांगायचं आणि काय झाकायचं हे तिनं बहीण म्हणून ठरवलं असणारच. तुमच्याकडे ‘घरात सांगतात’ म्हणून जे आहे, त्यालाही एवढीच किंमत द्या. कमी नको, जास्तही नको.

मग कशावर जायचं? तुमच्याकडे एक अशी खूण आहे जी स्ट्रिकलंडांकडे नव्हती, ती म्हणजे मोडी. तुम्ही लिहिलंय की राणी बाकाबाईंच्या प्रकरणात वाड्यातल्या रोजकीर्दीचे, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीचे, उतारे आहेत आणि आजींना मोडी येत नव्हतं. तसं असेल तर ते प्रकरण आजींनी एकटीनं लिहिणं शक्यच नाही. उतारे आधी कुणीतरी बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, करून दिलेत. प्रश्न एवढाच राहतो की मावशीआजीनं नुसतं लिप्यंतर करून दिलं, की कुठला उतारा घ्यायचा आणि त्यातून काय निघतं हेही तिनंच ठरवलं. पहिलं साहाय्य झालं, दुसरं लेखन. सगळा फरक त्या निवडीत आहे.

तो फरक कसा कळेल? तिच्या वह्या असतील तर छापील पुस्तकात न आलेले उतारे शोधा. समजा वहीत दोनशे उतारे आहेत आणि पुस्तकात तीस. हे तीस कुणी निवडले? वहीतच त्यांच्यापुढे खुणा आहेत का, फुल्या, ‘घेणे’, ‘टाकणे’ असं काही? त्या खुणा कुणाच्या शाईच्या? अक्षर ओळखताना एक गोष्ट उपयोगी पडते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, आणि ज्या हाताला आयुष्यभर मोडीची सवय, त्याच्या बालबोधीतही वेलांट्या-उकार डगमगतात. मुख्याध्यापिकेच्या हातून ‘राणि’ किंवा ‘कीती’ सहसा व्हायचं नाही. शिवाय मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेतो आणि अक्षरं तिला टांगत जातो, ही सवय बालबोधी लिहितानाही सुटत नाही. रेघ अक्षराआधीची की नंतरची ते शाई नीट पाहिली की कळतं, तिरप्या उजेडात भिंग धरा.

मजकूर काय आहे तेही बघा. बाकाबाई म्हणजे दुसऱ्या रघुजींची राणी. १८१६ मध्ये रघुजी गेले, पुढच्या वर्षी त्यांच्या गादीवर आलेल्या परसोजींचा खून झाला, नोव्हेंबर १८१७ मध्ये इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली, परसोजींनंतरच्या आप्पासाहेबांची गादी गेली, आणि १८१८ मध्ये अल्पवयीन तिसरे रघुजी गादीवर बसवल्यावर वाड्यात थोरलं माणूस म्हणून बाकाबाई राहिल्या. कारभार मात्र इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी, रेसिडेंट जेंकिन्सच्या मुठीत. आपल्याला त्या भेटतात त्या बऱ्याचदा इंग्रजांच्या पत्रांतून, म्हणजे ज्यांचा त्यांच्याशी मतलब होता त्यांच्या लेखणीतून. मेरी ट्यूडरची हीच गत, शत्रू असो की पालक, लिहिणारा दुसराच. आता तुमच्या पुस्तकातलं प्रकरण इंग्रजी अहवालांवर जास्त विसंबतं की मुदपाकखान्याच्या आणि देवघराच्या खर्चावर? इंग्रजी आजींना येत होतं, मावशीआजीला नाही, असं तुम्ही म्हणता. मग एकेक परिच्छेद घ्या आणि समासात लिहा, हा आधार इंग्रजी, हा मोडी, हा ऐकीव. दोन रविवार लागतील. त्यानंतर तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

मुद्रितं, म्हणजे तपासायला आलेली कच्ची छापील पानं, सापडली तर सोनं. छापखान्यातून आलेल्या गॅल्या कुणी तपासल्या यावरून फार कळतं. मुद्रितशोधन कुणीही करतं, पण गॅलीच्या कडेला आधार बदलणारी दुरुस्ती ज्याला मजकूर आतून ठाऊक आहे तोच करतो. पत्रंही बघा, पण पोचपावत्या आणि मागण्या आधी बघा. ‘अमुक रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) मिळेल का’ असं कोण कुणाला विचारतंय? तारखांचा तक्ता करा. आजींची शाळा, परीक्षा, सभा, दौरे एका रकान्यात, आणि कागद वाचल्याच्या तारखा दुसऱ्यात. ॲग्नेस बड्यांच्या वाड्यांवर मुक्कामाला असतानाही काम पुढे सरकत होतं, ते कुणाच्या हातून हे असल्याच तक्त्यातून दिसतं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलणार असाल तर ‘पुस्तक खरं कुणाचं’ असं विचारू नका. लगेच बाजू पडतात, आणि नागपुरात तर दुपारच्या चहापर्यंत बातमी सगळ्या नात्यात फिरते. दौत कुठे ठेवायच्या ते विचारा. रुमाल घरी आणायच्या की कुठे जाऊन वाचायच्या, दिवा कुठला होता, सोवळ्याच्या वेळात कागदांना हात लावायच्या का, जेवायला हाक मारली तर कोण उशिरा उठायचं. त्यातून जे कळतं ते सरळ प्रश्नातून कधी कळलेलं नाही मला.

कायद्याचंही दोन ओळींत सांगते, कारण आवृत्ती काढताय. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजायची. संयुक्त लेखन असेल तर जो लेखक सगळ्यात शेवटी वारला त्याच्यापासून. म्हणजे मावशीआजीला सहलेखिका ठरवलंत आणि ती आजींच्या नंतर गेली असेल, तर हिशेब बदलतो आणि तिचे वारसही त्यात येतात. तिला मूलबाळ नसल्यामुळे ते कोण हे वकिलाला विचारून घ्या. आधी सगळ्यांची लेखी संमती घ्या आणि मगच छापखान्यात जा. बाकी श्रेय हा हक्क पैशापासून वेगळा आहे, कायदाही तसंच मानतो.

आता नाव लावावं का. माझं मत : जुनं शीर्षकपृष्ठ नव्या आवृत्तीत फोटो म्हणून जसंच्या तसं छापा, आजींचं एकटीचं नाव असलेलं. ते त्या वेळी तसं ठरलं होतं, खोडायचा अधिकार आपल्याला नाही. त्याच्या समोरच्या पानावर नव्या आवृत्तीचं शीर्षक द्या, आजींच्या नावाखाली चौकोनी कंसात मावशीआजीचं, आणि प्रस्तावनेत कुठली प्रकरणं, कशावरून, ते उघड लिहा. जिथं खात्री नाही तिथं खात्री नाही असं लिहा. तिनं ‘नको’ म्हटल्याचंही लिहा, आणि त्या वेळी ती कुठे, कशी राहत होती तेही. वाचक शहाणा असतो. ‘अन्याय’ हा शब्द प्रस्तावनेत नको, तुमच्या आजीवर तो तुम्हीच ओढवून घ्याल. धाकटीनं नाव लावलं म्हणून पुस्तक छापलं तरी गेलं, नाहीतर त्या वह्या उंदरांनी खाल्ल्या असत्या. स्ट्रिकलंडांकडेही तेच. कोलबर्नला बारा खंड विकायचे होते, आणि विकण्यासाठी त्याला लोकांना दिसणारी, बोलणारी लेखिका हवीच होती.

दोघी बहिणी वर्षभराच्या आत गेल्या. ॲग्नेस जुलै १८७४ मध्ये, एलिझाबेथ एप्रिल १८७५ मध्ये. मधल्या नऊ-दहा महिन्यांत एलिझाबेथला ‘आता तरी सांगते’ म्हणायला कुणाची आडकाठी नव्हती. ती बोलली नाही. मला हे तिचं गप्प राहणं तिच्या नकाराहून जास्त पटण्यासारखं वाटतं. म्हणजे ते तिला खरंच नको होतं. आणि तरी मी तिचं नाव कार्डावर घालतेच, कारण कार्ड वाचणाऱ्यासाठी असतं, तिच्यासाठी नव्हे.

माझ्या त्या कार्डाचं काय झालं तेही सांगून टाकते. संगणक आला तेव्हा कार्डांवरचा मजकूर बाहेरच्या माणसांकडून भरून घेतला गेला, दर कार्डामागे पैसे. टिपा आणि जादा नोंदी भरायला वेळ लागतो, म्हणून त्या गाळल्या. पडद्यावर बाईंचं नाव पुन्हा गेलं. निवृत्त व्हायच्या आधी मी ती एक नोंद स्वतः बसून दुरुस्त केली. बाकीच्या किती गेल्या असतील कोण जाणे. म्हणून पुस्तक निघाल्यावर ग्रंथालयांना प्रत देताना सोबत एक चिठ्ठी जोडा : दोन्ही नावांनी नोंद करावी.

एवढ्यात वह्या स्कॅनिंगला देऊ नका. आधी त्या जशा ठेवल्यात तशाच, गठ्ठा न सोडता, वरून आणि बाजूनं फोटो काढा. कुठली वही कुठल्या वहीखाली होती हेही कधी कधी लागतं. टाचण्या गंजल्या असतील. ओढून काढाल तर कागद फाटेल, आणि कुठली चिठ्ठी कुठल्या पानाला लावली होती ती खूणही जाईल. आधी फोटो, मग पानाचा आकडा पेन्सिलीनं, आणि मग टाचणी. शाई फुटेल म्हणून कूलरच्या खोलीत उघडू नका, आणि पावसाळा संपेपर्यंत पेटी जमिनीवर ठेवू नका. मोडीची पहिली चार-पाच पानं अडली तर फोटो पाठवा, वाचून देईन.